दिव्यांग मुलांच्या संस्थेत नोकरी घ्यावी का? हो म्हणण्याआधी तिथल्या मावशींशी बोला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विशेष शिक्षणातलं बी.एड. झालंय, बौद्धिक अक्षमता हा विषय घेऊन. साताऱ्याबाहेरच्या एका संस्थेनं बोलावलंय. दिवसशाळा आणि वसतिगृह दोन्ही आहे, पगार १३,०००, ऑर्डर अकरा महिन्यांची, राहायची सोय तिथंच आणि फुकट. तिथं आधी काम केलेल्या दोघींना तुम्ही विचारलंत. एक म्हणाली, आयुष्यातली सगळ्यात चांगली चार वर्षं तिथं गेली. दुसरी म्हणाली, चुकूनही जाऊ नकोस, सेवेच्या नावाखाली पिळून घेतात. घरचे म्हणतात, कोरेगाव सोडायचंच आहे तर पुण्याला जा. आणि तुम्हाला कळत नाहीये की खरं कोण बोलतंय.

दोघीही खरं बोलतायत. अशा संस्थेत एकाच इमारतीत, एकाच वर्षी दोन माणसांचे अनुभव इतके वेगळे असू शकतात. कुणाच्या हाताखाली काम केलं, कुठला वर्ग मिळाला, रात्रीची जबाबदारी होती की नव्हती, घरी त्या पगाराची किती निकड होती, यावर सगळं ठरतं.

मी २००३ पासून या कामात आहे. सुरुवात मिरजेजवळच्या एका छोट्या शाळेत, महिना १,८०० रुपयांवर. मग दोन संस्था बदलल्या, आणि आता सांगलीत समन्वयक आहे. नव्यानं लागणाऱ्या शिक्षिका पहिले सहा महिने माझ्याबरोबर काम करतात. इतक्या वर्षांत किती जणी आल्या आणि गेल्या. त्यातल्या मुलांना कंटाळून गेलेल्या दोन-तीनच आठवतात. बाकीच्या गेल्या त्या पगार वेळेवर नाही म्हणून, अडलं तर विचारायला कुणी नाही म्हणून, काही बिनसलं की सगळं आपल्याच माथी म्हणून. आणि ‘इथं मनापासून काम करणारे घड्याळ बघत नाहीत’ हे वाक्य रोज ऐकून ऐकून. म्हणून मला वाटतं, हे काम चांगलं की वाईट हा तुमचा खरा प्रश्न नाही. ही संस्था तुम्हाला टिकू देईल का, हा आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी सांगून टाकते. पहिली, संस्थेचा पैसा कुठून येतो. अनुदानित शाळेत मंजूर पदावर असाल तर पगार शासनाच्या अनुदानातून, वेतनश्रेणीप्रमाणे मिळतो. उशीर होतो, पण बुडत नाही. अशा जागा थोड्या निघतात. तशा जागेसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठून या. मी लाखांचे आकडे ऐकलेत आणि पैसे देऊन पाच-पाच वर्षं पदाला शासनाच्या मान्यतेची वाट बघत बसलेलेही पाहिलेत. विनाअनुदानित संस्था देणग्यांवर, थोड्या फीवर आणि कंपन्यांच्या सीएसआरवर, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या पैशावर, चालते. तुमची १३,००० ची ऑर्डर बहुधा यातलीच. इथली मेख अशी की देणगीदाराला व्हॅन द्यायला आवडतं, खोली बांधून द्यायला आवडतं, वाढदिवसाला मुलांना जेवण द्यायला आवडतं. पगारासाठी देणगी मागितली की हात आखडतो. त्यामुळे संस्थेची इमारत देखणी आणि शिक्षिकेचा पगार दोन महिने थकलेला, हे चित्र मी स्वतः पाहिलंय. सीएसआरच्या प्रकल्पावर नेमणूक असेल तर प्रकल्प किती वर्षांचा आणि त्यातलं किती झालं, एवढं विचाराच. प्रकल्प संपला की पद संपतं.

दुसरी गोष्ट, मुलं कोणती. कर्णबधिर मुलांची शाळा आणि बहुविकलांग मुलांचं वसतिगृह ही दोन वेगळी कामं आहेत. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. त्यामुळे शाळेच्या पाटीवर एक प्रकार लिहिलेला असतो आणि वर्गात चार प्रकारची मुलं असतात: बौद्धिक अक्षम, स्वमग्न (ऑटिझम असलेली), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेली), आणि ज्यांचं निदानच नीट झालेलं नाही अशी. तिसरी गोष्ट तुमच्या घरची. पगार दोन महिने लांबला तर कोरेगावात चूल अडते का? अडत असेल तर तो विचार आधी. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता काम कसं असतं ते सांगते, कारण अभ्यासक्रमात जे सराव पाठ होतात त्यावरून याचा अंदाज येत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, अकरा वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. बोटं आखूड, पकड सैल. त्याला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं ठरलं. आपण कृतीचे तुकडे करतो, तसे त्याचे सात केले: कापडाची कड धरणं, बटण चिमटीत घेणं, काज शोधणं, बटण काजाशी नेणं, बटणाची कड आत सारणं, दुसऱ्या हातानं ती पकडणं, आणि शेवटी अर्धं बाहेर आलेलं बटण ओढून घेणं. पहिले सहा मी करायचे. सातवा तेवढा त्यानं. शेवटून सुरुवात का, तर बटण लागलं हे त्याच्या स्वतःच्या बोटांना कळतं. पहिल्या तुकड्यापासून शिकवलं तर त्याचं काम संपतं तेव्हा शर्ट उघडाच असतो, आणि मग उद्या परत प्रयत्न करावा असं त्याला का वाटेल?

आधी कापडी पट्टीवर शिवलेलं कोटाचं मोठं बटण, मग स्वेटरचं, मग अंगातल्या शर्टाचं. जूनमध्ये सुरू केलं. गणपतीत आठ दिवस घरी राहिला आणि दोन पायऱ्या विसरून आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा मागं. डिसेंबरात एका सकाळी वरून दुसरं बटण त्यानं एकट्यानं लावलं. मी घड्याळ बघत होते, तीन मिनिटं वीस सेकंद लागले. मला वाटलं, त्याच्या आईला डोळ्यांत पाणी येईल वगैरे. ती मार्केट यार्डात हळद निवडायला जायची, सकाळी टेम्पो गाठायचा असायचा. ती एवढंच म्हणाली, “बरं झालं ताई. तो बटणं लावतोय तोवर माझ्या भाकरी होतात.”

सहा महिन्यांत एक बटण, आणि त्यातून एका बाईची सकाळ थोडी सुटसुटीत झाली. या कामाचा वेग हा असा आहे. तो तुम्हाला मानवेल का, हे स्वतःला विचारा, आणि मानवणार नाही असं वाटलं तर त्यात काही कमीपणा नाही. माझ्या हाताखालची एक हुशार मुलगी वर्षभरानं नेहमीच्या शाळेत गेली, आज तिथं समावेशक शिक्षणाचं काम उत्तम करते.

वर्गाबाहेरचं कामही बरंच असतं. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सिव्हिलला कधी जायचं, निरामय विम्याचा अर्ज कसा भरायचा (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना एक लाखापर्यंतच्या उपचारांसाठी आहे, पण पुष्कळ पालकांना नावही माहीत नसतं), मूल अठरा वर्षांचं झालं की पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे का करायचा, हे सगळं तुम्हालाच समजावून सांगावं लागेल. माण-खटावकडून एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बापाला ‘एक कागद कमी आहे, परत या’ असं कुणी म्हणू नये म्हणून आदल्या रात्री फोन करून कागद तपासून घ्यावे लागतात. नव्या मुलींना हे काम शिक्षिकेचं वाटत नाही. मला विचाराल तर निम्मं शिक्षण त्यातच आहे.

थकवा कशाचा येतो, तेही सांगते. पस्तीस किलोच्या, अंग ताठ असलेल्या मुलाला खुर्चीतून उचलून ठेवण्याचा येतो. दोघींनी मिळून, गुडघ्यात वाकून उचलायचं असतं. मी सुरुवातीची वर्षं घाईत एकटीनं उचललं आणि २०११ पासून कमरेचं दुखणं बरोबर आहे. आकडी आलेल्या मुलाशेजारी बसून मिनिटं मोजण्याचा येतो. पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काही घालायचं नाही, कांदा नाही, चप्पल नाही, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट दवाखाना. आणि सगळ्यात जास्त थकवा येतो तो पालकांच्या एका प्रश्नाचा: ‘ताई, आमच्यानंतर याचं काय?’ त्याला माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. आहे तेवढं सांगते, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही.

संस्था चांगली असेल तर या थकव्याला जागा असते. आठवड्यातून एकदा सगळे बसतात, कोण अडलंय ते बोलतात. कुणी मुलानं चावलं म्हणून सांगितलं तर ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ असं ऐकावं लागत नाही. तो कशामुळे चावला, त्याआधी काय झालं, यावर चर्चा होते. एखादं मूल गेलं, आणि या क्षेत्रात मुलं जातात, तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून हसतमुखानं पाहुण्यांचं स्वागत अपेक्षित नसतं. हे सगळं भेटीला गेल्यावर दिसत नाही. म्हणून मी एक खूण सांगते, जी मला आजवर फसवी निघालेली नाही: तिथल्या मावशींशी संस्था कशी वागते ते बघा.

कागदोपत्री त्यांचं पद काळजीवाहक. मुलांना आंघोळ घालणं, भरवणं, शी-शू, रात्री उठून कुस बदलणं, सगळं त्या करतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचं वसतिगृह सखल भागात होतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रस्त्यावर पाणी दिसायला लागलं तेव्हा तेवीस मुलं दोन टेम्पोत घालून विश्रामबागच्या एका मंगल कार्यालयात हलवली. घाईत फायलींचं कपाट मागं राहिलं. त्यात प्रत्येक मुलाच्या औषधांचे तक्ते होते. आकडीच्या गोळ्या एकदम चुकवून चालत नाहीत, चुकल्या की आकडी येण्याचा धोका वाढतो, आणि गोळ्यांचा डबा हातात असूनही कुणाची कुठली हे आम्हा शिक्षित माणसांपैकी कुणालाही धड सांगता येईना.

आमच्या एका मावशींनी कार्यालयाच्या सतरंजीवर बसून तेवीस मुलांची नावं एकेक करून घेतली. याची पांढरी अर्धी सकाळी, अख्खी रात्री. हिची गुलाबी, जेवणानंतरच, नाहीतर उलटी काढते. हा आपल्याच थाळीतून जेवतो, थाळी आणलीय, त्या गोणीत बघा. मी वहीत लिहून घेत होते. दोन दिवसांनी डॉक्टरांशी फोन लागला तेव्हा ताळा करून पाहिला, एकही चूक नव्हती. मावशी स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या.

त्याच मावशींची दुसरी गोष्ट. जत तालुक्यातून आलेली सहा वर्षांची मुलगी होती, आधीच्या तपासणीत ‘भाषेचं आकलन नाही’ असं लिहिलेलं. मी चित्रं दाखवून दमले. मावशी मिरजेच्या पूर्व भागातल्या, त्यांनी फरशी पुसता पुसता सहज विचारलं, “नीरु?” मुलीनं माठाकडे बोट केलं. तिच्या घरी कन्नड बोलत होते आणि आम्ही महिनाभर तिला मराठीत तपासत होतो.

पुराच्या वेळी या मावशींना महिना ६,००० मिळत होते. पीएफ नव्हता. नऊ वर्षं झाली होती, तरी दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. कर्मचाऱ्यांच्या बैठकीत त्या दाराशी उभ्या राहायच्या, खुर्ची नसायची. आणि मी त्या बैठकांना इतकी वर्षं बसले, मला ते खटकलं नव्हतं. पूर ओसरल्यावर पहिल्या बैठकीत मी माझ्या शेजारी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. औषधांचे तक्ते आता तीन ठिकाणी असतात आणि ते मावशींना विचारून भरले जातात. पीएफ सुरू व्हायला आणखी दोन वर्षं भांडावं लागलं.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा विचारा: इथं सगळ्यात जुन्या मावशी कोण, किती वर्षं झाली? सगळ्याच सहा-आठ महिन्यांपूर्वीच्या असतील तर काहीतरी गडबड आहे. मुलांना त्या कशी हाक मारतात, नावानं की ‘ए’ म्हणून? वयात आलेल्या मुलींना पाळीत पॅड बदलायला कोण शिकवतं, आणि कसं, हेही विचारा. हा प्रश्न आडवळणाचा नाही. १९९४ साली पुण्यात संस्थेतल्या बौद्धिक अक्षम मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यावरून देशभर वाद झाला, तेव्हा स्वच्छतेचंच कारण पुढं केलं होतं. ज्या संस्थेत हे शिकवायला वेळ आणि माणूस दिलाय, तिथं मुलींना माणूस समजतात. प्रमुखांनी या प्रश्नावर विषय बदलला, तर तेही उत्तरच आहे.

आता पैशाचं. आपल्याकडे या क्षेत्रात पगाराबद्दल बोलणं कमीपणाचं मानतात, आणि सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं. मुलांना तुमची गरज दोन वर्षं नाही, दहा वर्षं आहे. दर वर्षी ताई बदलली की स्वमग्न मूल महिना-दोन महिने मागं जातं, हे मी दर जूनला बघते. कमी पगारानं शिक्षिका टिकत नाही आणि त्याची किंमत मूल भरतं. तेव्हा पगाराचं विचारताना मान खाली घालू नका.

पगार बँकेत जमा होतो का ते विचारा, आणि जमा झालेला सगळा तुमचाच राहतो का, तेही. माझ्या पहिल्या संस्थेत मी सही एका रकमेवर करायचे आणि त्यातली तिसरा हिस्सा रक्कम दर महिन्याला रोखीनं ‘देणगी’ म्हणून परत द्यायचे. चौदा महिने दिली. सगळ्याच देत होत्या, म्हणून मला ते रीतीचं वाटलं. ती रीत नाही. असं कुणी सुचवलं तर तिथं जाऊ नका, मुलं कितीही गोड असोत. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो. दहा किंवा त्याहून जास्त असतील तर ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, विचारा, २१,००० पर्यंतच्या पगाराला ती असते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती, यांनाही दहा कर्मचाऱ्यांचा नियम आहे. समितीत कोण कोण आहे याचा फलक भिंतीवर असायला हवा. नसेल तर नाव विचारा.

तुमची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी झालीच असेल. तिचं नूतनीकरण वेळच्या वेळी करायला सीआरईचे (नोकरीत असताना करायच्या उजळणी प्रशिक्षणाचे) कार्यक्रम करावे लागतात. त्यासाठी संस्था रजा देते का, फी भरते का, हे ऑर्डरआधी ठरवून घ्या. ही नोंदणी तुमची स्वतःची आहे, उद्या संस्था सोडलीत तरी बरोबर येते. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. दुसऱ्या संस्थेत असताना एका मुलाच्या पोटरीवर वळ दिसले. त्याला बोलता येत नव्हतं. मी प्रमुखांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, बघतो. मी आठ दिवस थांबले. नवी नोकरी, घरी धाकट्या भावाची फी, आणि कदाचित पडलाही असेल, असं मनाला समजावत राहिले. नवव्या दिवशी दुसऱ्या पायावर वळ दिसले. तेव्हा त्याच्या आईला बोलावून दाखवलं, नोंदवहीत तारीख घालून लिहिलं, आणि पुढचं जे व्हायचं ते झालं. मला ती नोकरी सोडावी लागली. ते आठ दिवस मात्र मुलानं सोसले, आणि ते माझ्यामुळे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करायचं ते आजच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी सुचत नाही. दिसलं त्याच दिवशी लिहायचं: तारीख, वेळ, शरीरावर कुठं, कुणी पाहिलं. लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, लपवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर शिक्षा आणखी जास्त. ‘संस्थेची बदनामी होईल’ हे कारण कायद्याला चालत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक मुलाखतीला जाण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा. मुलाखतीत एवढंच विचारा, ‘मुलाला मारहाण झाल्याचं दिसलं तर इथली पद्धत काय आहे?’ चांगल्या संस्थेचे प्रमुख या प्रश्नानं दुखावत नाहीत. त्यांच्याकडे उत्तर तयार असतं, बऱ्याचदा लिहून ठेवलेलं.

तर तुमच्या बाबतीत मी काय करेन? दिवसशाळेतली शिक्षिका म्हणून घेत असतील, पगार पूर्ण बँकेत जमा होत असेल, आणि वर्गात आठ-दहाच्या आत मुलं व एक मावशी असेल, तर १३,००० वर मी दोन वर्षांसाठी जाईन. त्या दोन वर्षांत मूल्यमापन करायला, प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण कार्यक्रम लिहायला, पालकांशी बोलायला हात बसतो, आणि पुढं अनुदानित शाळा असो की समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतलं काम, हा अनुभव उपयोगी पडतो. पण पहिल्या वर्षी पगारवाढीचा शब्द लेखी घेईन.

फुकट राहायची सोय मी घेणार नाही. ही गोष्ट तुम्हाला फायद्याची वाटत असेल, म्हणून जरा जोर देऊन सांगते. आवारात राहणाऱ्या शिक्षिकेची सुट्टी फक्त कागदावर असते. रात्री दोनला आकडी आली की दार तुमचंच वाजणार, रविवारी देणगीदार आले की चहा तुम्हीच करणार, आणि नाही म्हणायला तुमच्याकडे कारण नसणार, कारण तुम्ही तिथंच आहात. माझ्या माहितीत अशा संस्थांतून लवकरात लवकर थकून गेलेल्या मुली या आवारात राहणाऱ्या होत्या. कोरेगावहून एसटीनं ये-जा करा, दमणूक होईल. नाहीतर साताऱ्यात दोघी-तिघींनी मिळून खोली घ्या. राहावंच लागलं तर रात्रीची जबाबदारी आठवड्यातून किती दिवस, त्याचा वेगळा मोबदला किती, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. तुमची दुसरी मैत्रीण ‘पिळून घेतात’ म्हणाली, ती आवारात राहत होती का, तिला विचारून बघा.

एकदा आधीच ठरवून, दिवसभरासाठी जा. ३ डिसेंबरच्या (जागतिक दिव्यांग दिनाच्या) आसपास, किंवा कुठला कार्यक्रम असेल त्या दिवशी जाऊ नका, साधा मंगळवार-बुधवार बघा. दुपारच्या जेवणाला थांबा. ज्या मुलाला हातानं खाता येत नाही त्याला कसं भरवतात ते बघा: बसवून, त्याच्या वेगानं, की आडवं धरून घाईनं. मग निघू नका. संध्याकाळी सहा-साडेसहाला, ऑफिस बंद होऊन वसतिगृहात दिवे लागतात तेव्हा पुन्हा चक्कर टाका. तेव्हा मावशी जरा टेकलेल्या असतात. त्यांच्याजवळ बसा, आणि विचारा, गेल्या दिवाळीला तुम्ही घरी होता का? मग ऑर्डरचा मजकूर आणि मावशी काय म्हणाल्या, दोन्ही मला कळवा. सही करायच्या आधी वाचून सांगते.